ड्रग्जवरचं रॉक गाणं नीट कसं ऐकायचं

लिरिक्स वाचल्या वाचल्या "हे तर नशेचं कौतुक" असा शिक्का मारू नका, आधी बघा की गाण्यात बोलतंय कोण. मेटॅलिकाचं 1986 चं 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्या, त्यातला "मी" गायक नाहीच, खुद्द ड्रगच बोलतंय आणि माणसाला हुकूम सोडतंय, आणि कॉन्सर्टला अख्खं पब्लिक तेच हुकूम बेंबीच्या देठापासून ओरडत असतं! उलट नील यंगच्या 'द नीडल अँड द डॅमेज डन'मध्ये बोलणारा बाजूला उभा राहून बघणारा मित्र आहे. एक गिटार, जेमतेम दोन मिनिटं, बास. (ते त्याचा गिटारवाला साथीदार डॅनी व्हिटनच्या मृत्यूवर लिहिलंय असं बरेच जण ठोकून देतात, पण अल्बम आला फेब्रुवारी 1972 ला आणि व्हिटन गेला त्याच वर्षी नोव्हेंबरात.)

मग लिरिक्स बंद करून नुसतं म्युझिक ऐका, खरी मजा इथेच आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं 1967 चं 'हेरॉइन' मुख्यतः दोन कॉर्डवर चालतं, पण स्पीड चढतो, उतरतो, परत चढतो, बँडमधल्या जॉन केलचा व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा भाऊ) किंचाळायला लागतो आणि एका जागी ड्रम चक्क थांबतात, कारण त्या कल्लोळात ड्रमर मॉ टकरला बाकीच्यांचं ऐकूच येईना म्हणून तिने वाजवणं सोडलं आणि टेक तसाच ठेवला गेला. ती जागा शोधा, शेवटाकडे आहे.

चाल गोड असेल तर जास्त सावध राहा. थर्ड आय ब्लाइंडचं 'सेमी-चार्म्ड लाइफ' (1997) ऐकून पाय हलतात पण विषय क्रिस्टल मेथ नावाचं ड्रग, रेडिओवर तर तो शब्दच खराब करून टाकला होता, म्हणून अल्बमवालंच ऐका.

कलाकार नंतर काय म्हणाला ते सगळ्यात शेवटी बघा. 'कोकेन' जे. जे. केलचं (वरचा जॉन केल वेगळा), एरिक क्लॅप्टनने 1977 ला गाजवलं, क्लॅप्टन म्हणतो गाणं ड्रगच्या विरोधात आहे आणि पुढे स्टेजवर "डर्टी" असा शब्दही घुसवायला लागला. असेल बुवा, पण नुसतं ऐकून ते कळत नाही, आणि मला विचाराल तर गाण्यात जे ऐकू येत नाही त्याचे मार्क देऊ नयेत.

जॉन लेननचं 'कोल्ड टर्की' (1969), म्हणजे नशा एकदम सोडल्यावर होणारे हाल, मात्र लिरिक्स साइटवर वाचून काहीच हाती लागणार नाही, शेवटी तो नुसता कण्हतो आणि ओरडतो. हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवा.