नेरुळचा पिनकोड कागदावर फोडायचा कसा

लोकलमध्ये मोबाईलला रेंज नसली की हे करून बघा: पिनकोड मूळ संख्यांच्या (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या) गुणाकारात फोडायचा. नेरुळचा पिन ४००७०६. शेवटी ६, म्हणजे सम, अर्धा केला की २००३५३. याच्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ३ बाद, शेवटी ३ म्हणून ५ पण बाद, मग ७, ११, १३, १७, १९ सगळ्यांनी बाकी उरते आणि कंटाळा येतो ना, तिथेच सोडू नका कारण २३ ने बरोब्बर भाग जातो, उरले ८७११. परत २३ पासूनच सुरू करायचं, खालचे तपासून झालेत. २९ नाही, ३१ जातो, हातात २८१. आता याला फोडायला १६ पर्यंतचीच एखादी मूळ संख्या लागेल (१७ चा वर्गच २८९, २८१ पेक्षा मोठा), त्या तर आधीच बाद, म्हणून २८१ मूळच.

म्हणजे २×२३×३१×२८१. प्रत्येक मूळ घ्या किंवा सोडा, २×२×२×२, एकूण १६ विभाजक.

अजून एक गंमत, ६३३ चा वर्ग ४००६८९, पिनपेक्षा १७ ने कमी, आणि पिनच्या अंकांची बेरीजही १७! निव्वळ योगायोग आहे, पण मला जाम आवडला.