टीव्हीचे ॲप आखण्यापूर्वी दिवाणखान्यात बसून काय पाहावे

संवादी दूरचित्रवाणीसाठी, म्हणजे प्रेक्षकाला बसल्या जागेवरून उत्तर वा मत देता येईल अशा टीव्हीसाठी, ॲप आखायचे असल्यास प्रेक्षकाला प्रश्नावली देण्यापूर्वी दोन-तीन घरांत, रात्रीची जेवणे चालू असताना, शांतपणे बसून यावे. काय काय हवे असे विचारले की माणसे सगळ्यालाच हो म्हणतात; रिमोट कोणाच्या हातात असतो, तो कोणाच्या सांगण्यावरून दाबला जातो आणि पडद्यावर चौकट उमटताच कोण वैतागते, हे मात्र पाहूनच कळते. मोबाइल एकट्याचा असतो, टीव्ही घराचा. एकाला मत नोंदवायचे असते तेव्हा उरलेल्या चौघांसमोरचे चित्र झाकले जाऊ नये, म्हणून आपला मजकूर कडेच्या पट्टीत ठेवावा.

डोळे आणि अंगठा यांकडे विशेष लक्ष द्यावे. आजी बटण शोधण्यासाठी जवळचा चष्मा लावतात, बटण सापडल्यावर तो उतरवून पडद्याकडे पाहतात, आणि तोवर सूचना निघून गेलेली असते. येथे अक्षर मोठे करणे हा अर्धाच उपाय झाला. उत्तर मिळेपर्यंत सूचना थांबली पाहिजे आणि सगळे काम चार बाण, 'ओके' व 'बॅक' यांवर, रिमोटकडे न पाहता उरकले पाहिजे. (१९७७ मध्ये अमेरिकेतील कोलंबस शहरात सुरू झालेल्या 'क्यूब' या संवादी केबल टीव्ही सेवेत प्रेक्षकाला उत्तरासाठी पाचच बटणे होती.) काही संच चित्राच्या कडा कापतात, त्यामुळे १९२० × १०८० च्या पडद्यावर डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे सोडावेत.

लिहायला लावणे शक्यतो टाळावे. 'विठ्ठल' हा एक शब्द बाणांनी लिहायचा तरी सहा चिन्हे गाठावी लागतात, आणि ठ चा पाय मोडायचे चिन्ह कोठे दडले आहे ते शोधताना घरातली मुले रिमोट हिसकावून घेतात. बोलून शोधण्याची सोय द्यावी किंवा लिहिण्याचे काम मोबाइलकडे सोपवावे. 'कौन बनेगा करोडपती'सोबत घरबसल्या खेळणारे प्रेक्षकही उत्तर मोबाइलवरच देतात. मात्र डीटीएचवरील आणि इंटरनेटवरील चित्र एकाच क्षणी पोहोचत नाही, म्हणून उत्तराची मुदत प्रत्येकाच्या पडद्यावर प्रश्न दिसल्यापासून मोजावी.

कच्चा नमुना तयार झाला की त्याच घरी परत जावे, एक काम सांगून गप्प बसावे आणि किती वेळा 'बॅक' दाबले जाते ते मोजावे. मदत करण्याचा मोह होतोच; त्यासाठी हातात वही-पेन असलेले बरे.