रोमन अवशेष पाहायला जाणाऱ्या कोकणवासीयांसाठी

इटलीला निघालेली ओळखीची माणसे तेथे काय पाहावे असे विचारतात, तेव्हा मी कोलोसियमच्या आधी ओस्टियाचे नाव घेतो. कोलोसियम टाळावे असे माझे म्हणणे नाही. पण तेथे गर्दीतून दोन तास फिरल्यावर पदरात पडते ती मुख्यतः भव्यता, आणि भव्यता कळायला मार्गदर्शकाची फारशी गरज लागत नाही. ओस्टिया अँटिका हे टायबर नदीच्या मुखावरचे रोमचे बंदर होते. नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकत गेला, आज समुद्र त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे, आणि १५५७ सालच्या पुरात तर नदीनेच पात्र बदलले. खाडी भरत जाणे म्हणजे काय, हे सोपारा, महाड किंवा गोवळकोटच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच पुरातत्त्वाच्या जाणकाराबरोबर एकच रोमन स्थळ नीट पाहायचे असेल, तर किनाऱ्यावरच्या माणसाने बंदर पाहावे असे मला वाटते.

या सहलीची तयारी घराजवळूनच सुरू करावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अज्ञात ग्रीक भाषकाने लाल समुद्र ते भारत या सागरी मार्गाचे माहितीपुस्तक लिहिले, ते ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. त्यात बरिगाझा म्हणजे भडोचनंतर आपल्या किनाऱ्यावरील सुप्पारा, कल्लिएना, सेमिल्ला, मंदगोरा अशी नावे क्रमाने येतात. सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण आणि सेमिल्ला म्हणजे चौल. मंदगोरा म्हणजे राजपुरी खाडीवरील मांदाड असावे असे अनेक अभ्यासक मानतात. जाण्यापूर्वीच्या महिन्यात एक रविवार चौल-रेवदंड्यासाठी आणि दुसरा मांदाडजवळच्या कुडे लेण्यांसाठी काढावा. चौलला रोमन इमारत दिसणार नाही. दिसतील त्या नारळ-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराची पुष्करणी आणि कुंडलिकेचे मुख. तरीही त्या मुखाशी अर्धा तास उभे राहून गलबत कोठून आत येत असेल, धक्का कोठे असेल आणि माल कोणत्या वाटेने घाटाकडे जात असेल याचा अंदाज बांधावा. कुड्याच्या शिलालेखांत देणगी देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. बंदराच्या आसपासचा समाज कसा होता, हे त्या ओळी वाचून जेवढे कळते तेवढे पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

त्या काळच्या वेळापत्रकाचेही आपल्याला नवल वाटणार नाही. इजिप्तच्या लाल समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता, म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात त्यानंतर, या किनाऱ्याला लागत. ईशान्य वारे सुरू झाले की परतीचा प्रवास होई. येथील माल लाल समुद्रावरून उंटांच्या तांड्यांनी नाईलपर्यंत, नाईलमधून अलेक्झांड्रियाला आणि तेथून भूमध्य समुद्र ओलांडून इटलीला जाई. बेरेनिके या लाल समुद्रावरील बंदराच्या उत्खननात भारतीय सागवानाचे लाकूड बांधकामात वापरलेले सापडले आहे. ही साखळी डोक्यात पक्की असेल, तर ओस्टियात मार्गदर्शक अलेक्झांड्रियाचे नाव घेईल तेव्हा आपण नुसती मान डोलावणार नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडे उत्साहाच्या भरात प्रत्येक जुने नाणे रोमन आणि प्रत्येक जुनी विहीर यवनांची ठरवली जाते. प्रत्यक्षात रोमकडे जाणाऱ्या मालातील मिरीचा मोठा वाटा केरळच्या बंदरांतून जात होता, आणि कल्याणबद्दल तर पेरिप्लसच सांगतो की तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात. चौलचा रोमशी संबंध होता एवढेच म्हणावे. चौल ही रोमची वसाहत होती असे ओस्टियातल्या मार्गदर्शकाला सांगितले, तर तो सभ्यपणे हसेल आणि पुढच्या शंकांची उत्तरे थोडक्यात देईल.

आता सहलीची निवड. पहिल्या खेपेस आम्ही एका मोठ्या प्रवासी कंपनीच्या गटातून गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘प्राचीन बंदराला भेट’ असे छापले होते. प्रत्यक्षात बस दाराशी पन्नास मिनिटे थांबली आणि त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. दुसऱ्या खेपेस रेवदंडा, चौल आणि मुरूड येथील आम्ही नऊ जणांनी मिळून अर्ध्या दिवसासाठी स्वतंत्र मार्गदर्शक ठरवला. माणशी खर्च वाढला, पण मला तो आजही वाजवी वाटतो. मार्गदर्शक ठरवताना त्याच्याकडे इटलीचा अधिकृत परवाना आहे का, पुरातत्त्वाचे शिक्षण आहे का आणि गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, हे आधी लेखी विचारून घ्यावे. दहा-बाराच्या पुढचा गट असेल तर कानाला लावायची श्रवणयंत्रे मिळणार का, तेही विचारावे. अन्यथा मागे राहणाऱ्या ज्येष्ठांना काहीच ऐकू येत नाही. तीन तास मार्गदर्शकाबरोबर आणि नंतर दोन तास आपले आपण, अशी विभागणी उत्तम. या एका स्थळाला पाच तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर मार्गदर्शकावर पैसे खर्च करू नयेत.

व्हिसाबद्दल थोडक्यातच सांगतो: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हंगाम निवडताना मात्र घाई करू नये. आपण उकाड्याला सरावलेलो आहोत या भरवशावर मे महिन्याच्या सुट्टीला जोडून जून-जुलैत जाणारे पुष्कळ असतात. पण आपला उकाडा माडांच्या सावलीतला, आणि तेथे छप्पर नसलेल्या भिंतींमधून तापलेल्या दगडी फरशीवर चालायचे असते. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. ओस्टिया साधारणतः सोमवारी बंद असते, त्यामुळे दिवस ठरवण्याआधी अधिकृत संकेतस्थळ पाहावे. कोलोसियमचे तिकीट नावावर आणि ठरावीक वेळेचे असते, म्हणून पारपत्रावर जसे नाव आहे अगदी तसेच ते नोंदवावे. आडनाव आणि वडिलांचे नाव यांची आपल्याकडे होणारी अदलाबदल तेथील दाराशी फार त्रास देते.

ओस्टियाला जाण्यासाठी रोमच्या भुयारी रेल्वेच्या ‘बी’ मार्गावरील पिरामिडे स्थानकावर उतरावे आणि शेजारच्याच पोर्ता सान पाओलो स्थानकातून समुद्राकडे जाणारी लोकल पकडावी. अर्ध्या तासाच्या आसपास ओस्टिया अँटिका स्थानक येते, आणि तेथून पादचारी पूल ओलांडून चालत प्रवेशद्वार गाठता येते. चपला किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नयेत. रोमन रस्त्यांवरील काळ्या दगडांच्या लाद्या मोठ्या, गोलसर झालेल्या आणि मध्ये फटी असलेल्या असतात, त्यांवर पाय मुरगळायला वेळ लागत नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि दुपारच्या जेवणाऐवजी चालेल असा कोरडा खाऊ बरोबर असावा. आमच्याकडे दडपे पोहे होते, आणि त्यांना तोड नव्हती.

आत शिरल्यावर मुख्य रस्ता सरळ दूरवर गेलेला दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतींची गर्दी आहे, आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या भिंती सारख्याच वाटतात. हा कंटाळा टाळण्याचा उपाय म्हणजे मार्गदर्शकाला सुरुवातीलाच एखाद्या भिंतीसमोर थांबवून बांधकामाच्या पद्धती समजून घेणे. चौकोनी तोंडाचे लहान दगड तिरपे बसवून जाळीसारखी केलेली भिंत बहुधा आधीची, आणि सपाट विटांची भिंत बहुधा नंतरची. दोन्हींच्या पोटात चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळून केलेला गिलाव्यासारखा गाभा असतो. काही विटांवर शिक्के असतात, त्यांवरून इमारतीचा काळ काही वर्षांच्या फरकाने सांगता येतो. तेथील तुफा नावाचा मऊ दगड पाहून कोकणातल्या माणसाला आपला जांभा आठवल्याशिवाय राहत नाही. जांभ्याचे चिरे खाणीतून काढताना मऊ असतात आणि वाऱ्यावर घट्ट होतात, हे आपले गवंडी जाणतात. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसनेही अशा मऊ दगडाबद्दल लिहून ठेवले आहे की तो उन्हाळ्यात काढावा, दोन वर्षे उघड्यावर ठेवावा आणि जो या काळात टिकेल तोच वरच्या बांधकामाला घ्यावा. आमच्या गटातल्या एका चिरेखाणवाल्याने हे ऐकून मार्गदर्शकाला पुढचा पाऊण तास प्रश्नांनी बेजार केले; सहलीतला सर्वांत चांगला भाग तोच होता.

भिंत वाचता येऊ लागली की पुढचा प्रश्न विचारावा: ही जागा कधी खणली आणि खणताना काय फेकून दिले? ओस्टियाचा फार मोठा भाग १९३८ ते १९४२ या काळात, १९४२ साली रोममध्ये भरवायच्या जागतिक प्रदर्शनासाठी घाईघाईने उघडण्यात आला. युद्धामुळे ते प्रदर्शन झालेच नाही. पण दुसऱ्या शतकातील वैभवाचा थर गाठण्याच्या उतावळेपणात त्यावरचे उत्तरकालीन थर पुरेशा नोंदी न ठेवता काढले गेले. चांगला मार्गदर्शक हे लपवत नाही. कोणती भिंत मूळची आणि कोणती विसाव्या शतकात पुन्हा उभारलेली, हेही विचारावे आणि दोहोंमधील सीमारेषा दाखवायला सांगावे. तुम्हाला हे कशावरून कळले, हा प्रश्न मराठीत उद्धट वाटतो, पण पुरातत्त्वात तोच सर्वांत आदराचा प्रश्न आहे.

वेळ द्यायचा तो नाट्यगृहामागील व्यापाऱ्यांच्या चौकाला द्यावा. चौकोनी अंगणाभोवती लहान लहान गाळे आहेत, आणि त्यांच्यासमोरच्या जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची चित्रे आहेत: शिडाची जहाजे, दीपस्तंभ, मासे, धान्याचे माप. कोणता गाळा कोणत्या बंदराच्या व्यापाऱ्यांचा, हे काही ठिकाणी अक्षरांत लिहिले आहे. आजच्या लिबियातील साब्राथाच्या गाळ्यासमोर हत्ती आहे. हत्ती पाहून तो भारताचा असे म्हणण्याचा मोह आवरावा. मला या चौकात ससून डॉकवरच्या दलालांच्या पेढ्या आठवल्या. जहाजांच्या चित्रांपुढे बसून शीड, सुकाणू आणि नाळ यांची तुलना आपल्या गलबतांशी करावी. सुकाणू मागे मध्यभागी नसून बाजूला दोन वल्ह्यांसारखे आहे, हे आमच्या मुरूडच्या तांडेलाने मार्गदर्शकाने सांगण्याआधीच ओळखले.

तेथून जवळच डायना गृहाच्या गल्लीत एक खाणावळ आहे. तिचा दगडी ओटा, पायऱ्यापायऱ्यांची मांडणी आणि भिंतीवर रंगवलेले खाद्यपदार्थ अजून दिसतात. शेजारी मजल्यांवर मजले असलेल्या भाड्याच्या घरांचे अवशेष आहेत, जी गिरगावातल्या चाळी पाहिलेल्यांना परकी वाटणार नाहीत. सार्वजनिक शौचालयापाशी प्रत्येक गट हसतो, छायाचित्रे काढतो आणि पुढे जातो. तेथे जास्त रेंगाळण्याचे कारण नाही.

भाषेची अडचण आधीच सोडवावी. मार्गदर्शक बहुधा इंग्रजीत बोलतो, आणि आपल्या गटातील आजी-आजोबांना ते उच्चार झेपत नाहीत. गटातल्या एकाने दर थांब्याला दोन वाक्यांत मराठी सारांश सांगावा, आणि तेवढा वेळ थांबायला मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे. ज्यांना फार चालवत नाही त्यांनी चौकापर्यंत येऊन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसावे. त्यापुढचा भाग हुकला तरी फारसे बिघडत नाही.

जमिनीवर जागोजागी खापरांचे तुकडे दिसतात. त्यातला एकही उचलू नये. इटलीत तो गुन्हा आहे, आणि आपल्याकडेही पुरावस्तूंबाबत १९७२ चा कायदा आहे, तेव्हा चौलच्या वाडीत सापडलेले खापरही खिशात घालू नये. पाँपेईहून दगड उचलून नेलेले परदेशी पर्यटक नंतर अरिष्टे आली म्हणून ते टपालाने परत पाठवतात, सोबत माफीचे पत्रही जोडतात. राखणदाराला न विचारता झाडाचे फळही न तोडणाऱ्या कोकणी माणसाला यात हसण्यासारखे काही दिसू नये.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर नेपल्सला जावे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे पाव मीटर उंचीची ही मूर्ती आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत, म्हणून ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असा अंदाज केला जातो. ती ठेवलेले ‘गुप्त दालन’ त्या दिवशी उघडे आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. पाँपेईत दिवसाला २०,००० प्रवाशांची मर्यादा असल्याने तिकीट आधीच काढून ठेवावे आणि मोठी पिशवी नेऊ नये.

ओस्टियाहून परतताना पुन्हा पिरामिडे स्थानकाशीच उतरायचे असते. पाय शिल्लक असतील तर तेथून थोडे चालत टेस्टाच्चोच्या टेकडीपर्यंत जावे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी निसर्गाने केलेली नाही. बंदरातून वर आलेले तेलाचे रांजण रिकामे झाल्यावर फोडून रचत गेले, त्या खापरांचा हा ढीग आहे. वर जाण्यासाठी आधी नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबरच प्रवेश मिळतो. ती केली नसेल तर पायथ्याच्या एखाद्या उपाहारगृहात शिरावे. काही ठिकाणी मागच्या भिंतीला काच लावलेली आहे आणि जेवता जेवता ती खापरे एकावर एक रचलेली दिसतात.