जेट स्की अचानक गचके खाऊ लागली? या चुका टाळा

मांडव्याहून परतताना भर पाण्यात किंवा मार्वेच्या खाडीच्या तोंडाशी, चांगली पळणारी जेट स्की एकाएकी गचके खायला लागते. रेस दिली तरी उठत नाही, आवाज फाटका येतो, थरथर हँडलपर्यंत जाणवते. अशा वेळी बहुतेकांचा अंगठा पुन्हा पुन्हा स्टार्टरच्या बटणावर जातो आणि किनाऱ्याला लागल्यावर हातात स्क्रूड्रायव्हर येतो. दोन्ही सवयी इंजिनाला महागात पडतात.

सकाळी नीट चाललेलं इंजिन दुपारी बिघडलं, तर कारणही मधल्या वेळात घडलेलंच असणार. पिस्टनच्या रिंगा एका दुपारीत झिजत नाहीत आणि कार्बोरेटरचं सेटिंग आपोआप बदलत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: बिघडण्याच्या जरा आधी काय झालं? पेट्रोल भरलं का, मशीन उलटली का, ओहोटीच्या उथळ पाण्यातून काढली का, कोणी ओढून आणली का? जो चालवत होता त्यालाच हे नीट विचारा. भाड्याच्या मशीनवर तर हे विचारलंच जात नाही आणि मेकॅनिक अंदाजाने सुटे भाग बदलत बसतो.

इंजिन बिघडलंय की पंप, हे न ठरवताच सीट उघडणं

रेस दिल्यावर इंजिनाचे आरपीएम स्वच्छ वर चढतात, पण मशीन पुढे सरकत नाही आणि बुडाखालून थरथर येते, तर इंजिनाला हात लावू नका. खालून पाणी ओढून मागे फेकणाऱ्या आणि मशीनला पुढे ढकलणाऱ्या पंपात काहीतरी अडकलंय. मुंबईच्या पाण्यात पहिला संशय यावरच घ्यावा. भरतीबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, गोणपाटाचे तुकडे, तुटक्या जाळ्याचे धागे हे सगळं खालच्या जाळीतून आत ओढलं जातं.

इंजिन बंद करा, मनगटाची सेफ्टी दोरी मशीनच्या स्विचवरून काढून घ्या आणि मगच खाली हात घाला. जाळीवर नुसती पिशवी चिकटली असेल तर पाण्यातच मशीन डावी-उजवीकडे हलवल्यावर कधीकधी ती सुटते. नायलॉनचा धागा मात्र वेगळं प्रकरण आहे. तो शाफ्टभोवती, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्याभोवती, गुंडाळत जातो, घर्षणाने तापून वितळतो आणि त्याचं कडक, चकचकीत कडं बनतं. बोटांनी ओढून ते निघत नाही, वाकड्या पात्याने थोडं थोडं कापूनच काढावं लागतं. वरून दिसणारा धागा काढून काम झालं असं समजू नका. टॉर्च घेऊन आत बघा, कड्याचा शेवटचा तुकडा निघेपर्यंत.

उथळ पाण्यात रेस देण्याची चूकही याच खात्यातली. जुहूसारख्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीत पाणी बरंच आत जातं. मशीनखाली निदान 3 फूट पाणी नसताना जोर लावला की पंप वाळू ओढतो. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्याच्या, कडा झिजतात आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा गाळाने तुंबतात. मग इंजिन तापतं, अलार्म वाजतो आणि संगणक स्वतःच आरपीएम दाबून धरतो. यालाच लोक ‘इंजिन बसलं’ म्हणतात. खरं तर ते इंजिनाला वाचवणं आहे. बंद-चालू करून अलार्म घालवू नका. थंड होऊ द्या आणि पाण्याची वाट मोकळी करा.

पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारत राहणं

सगळ्यांत महागडी चूक हीच. मशीन उलटल्यावर किंवा लाट आत आल्यावर सिलिंडरमध्ये पाणी जाऊ शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळला की त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन चालू झालं तरी मग ते आयुष्यभर खडखडतं.

आधी सीट उघडून हवा खेळू द्या. आत पेट्रोलचा वास असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबा, कारण बंद हलमधली (मशीनच्या पोकळ बुडातली) पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते. ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल दुधाळ, दुधाच्या चहासारखं दिसलं तर स्टार्टर अजिबात मारू नका, मशीन थेट वर्कशॉपला न्या. ऑइल स्वच्छ असेल तर सगळे स्पार्क प्लग काढा, ठिणगी पडणार नाही अशी सोय मॅन्युअलप्रमाणे करा आणि स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवून पाणी बाहेर काढा. प्लगच्या भोकांतून फवारा उडतो, तेव्हा तोंड वर नेऊ नका. पाणी खारं असेल तर पुढचं काम उद्यावर ढकलू नका. सिलिंडरला गंज चढायला फार वेळ लागत नाही.

उलटलेली मशीन सरळ करतानाही दिशा महत्त्वाची. मागच्या बाजूला बाणाचं स्टिकर असतं. उलट्या दिशेने फिरवलीत तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरतं. स्टिकर उडालेलं असेल तर आजच नवीन लावून घ्या.

ओढून आणतानाही असंच पाणी चढतं. बंद मशीन दोरीला बांधून जोरात ओढली की पंपातून पाणी कूलिंगच्या नळीत घुसतं. ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा दाब नसतो, म्हणून ते साठत साठत सिलिंडरपर्यंत जातं. अगदी हळू, चालण्याच्या वेगाने ओढा. किनारा दूर असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेली नळी चिमट्याने बंद करा, आणि इंजिन सुरू करण्याआधी चिमटा आठवणीने काढा.

घरी नळाच्या पाण्याने कूलिंग धुतानाही बंद इंजिनात असंच पाणी चढू शकतं, म्हणून क्रम पाळा. आधी इंजिन चालू, लगेच पाणी. संपवताना आधी पाणी बंद, मग इंजिन.

पेट्रोलवर संशय न घेणं

पेट्रोल भरल्यावर थोड्याच वेळात मिसिंग (इंजिनाचा ठोका चुकणं) सुरू झालं तर पेट्रोलकडेच बघा. किनाऱ्यावर पेट्रोल पंप नसतो, कॅनमधून पेट्रोल येतं, आणि वाऱ्याने उडणाऱ्या खाऱ्या तुषारांत उघड्या नरसाळ्याने भरलं जातं. शिवाय आपल्याकडे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर यामाहा आणि सी-डू यांच्या मॅन्युअलमध्ये 10 टक्क्यांची मर्यादा सांगितलेली असते. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाचा फ्युएल पंपही पेट्रोल तळातूनच उचलतो.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या, बाटली सावलीत आगीपासून लांब ठेवा आणि थोड्या वेळाने उजेडाकडे धरून बघा. खाली वेगळा थर दिसला, मध्ये स्पष्ट रेघ दिसली, तर ते पेट्रोल टाकीत ठेवून उपयोग नाही. वरून नवीन ओतून ‘पातळ करणं’ हा उपाय नव्हे. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, कॅनही धुऊन वाळवा.

पावसाळ्यात जून ते ऑगस्ट मशीन बंद राहतात. नारळी पौर्णिमेनंतर हंगामाची तयारी सुरू झाली की जुन्याच पेट्रोलवर इंजिन चालू करायचा मोह होतो. मे अखेरीस टाकीत राहिलेलं पेट्रोल सप्टेंबरला वापरू नका.

प्लगची तार चालत्या इंजिनावर उपटणं

कोणता सिलिंडर चुकतोय ते शोधायला जुन्या मोटारींवर ही युक्ती चालायची. जेट स्कीवर ती करू नका. झटका बसतो, ठिणगी देणाऱ्या कॉइलला आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मार बसतो आणि आजूबाजूला पेट्रोलची वाफ असू शकते. इंजिन थंड करून प्लग काढा आणि क्रमाने मांडा. तीनपैकी दोन फिकट तपकिरी आणि एक ओला काळा निघाला, तर दोष त्या एकाच सिलिंडरच्या वाटेवर आहे. नवीन प्लग लावा. तरी तेच, तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावून बघा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली. सरकलं नाही तर कनेक्टर उघडा. आत बुरशीसारखा हिरवट-पांढरा थर दिसला तर ते खाऱ्या हवेचं काम आहे. साफ करून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. बॅटरीची अर्थिंग आणि व्होल्टेजही बघा. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. खूप कमी असतील तर इंजेक्शनवाली मशीन भलतीसलती वागते.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायला सांगा. आकडे सिलिंडरागणिक लिहून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर इंजिन उघडावं लागू शकतं. ते उघडताना आधी काय घडलं होतं, उलटली, ओढली की तापली, ते मेकॅनिकला कागदावर लिहून द्या.