लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या घरी, रविवारी कुणी ना कुणी जुना लॅपटॉप घेऊन येतंच. बरेचसे अजून धडधाकट असतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, तिथं ते अडतात. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे त्याचे मिंट किंवा उबंटू हे प्रकार, मस्त चालतात. पण ‘दादा, लिनक्स बसेना’ म्हणत जे येतात, त्यांच्या लिनक्समध्ये सहसा काही बिघाड नसतो. घोळ इन्स्टॉलवर क्लिक करायच्या आधीच झालेला असतो.

बिटलॉकर न तपासता बायोसमध्ये हात घालणं

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, आणि बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारी मशीनची सेटिंग. ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि नव्या लॅपटॉपवर जास्त. गेल्या पावसाळ्यात मिरजेची इंजिनिअरिंगची एक मुलगी रडवेली होऊन आली. व्हिडिओ बघून तिनं बायोसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) बंद केलं आणि पेनड्राइव्हवरून उबंटू नुसतं चालवून बघितलं. इन्स्टॉल काहीच केलं नव्हतं. परत विंडोज सुरू करायला गेली तर निळी स्क्रीन: ४८ आकडी रिकव्हरी की टाका. की तिच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटात सापडेना, कारण लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं स्वतःच्याच ईमेलनं तो सुरू करून दिला होता. दोन दिवसांवर सबमिशन, आणि रिपोर्ट त्याच डिस्कवर.

मी फक्त सिक्युअर बूट परत चालू केलं. लॅपटॉप उघडला. डिस्कची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते. बूटची मांडणी बदललेली दिसली की चिप ती देत नाही, पहिल्यासारखी दिसली की देते. घाबरून तिनं बायोसमध्ये ‘क्लिअर टीपीएम’ केलं असतं, तर हा रस्ता कायमचा बंद झाला असता.

म्हणून आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा, ते बिटलॉकरच असतं. चालू असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून घ्या, फोटो नको, आणि मग एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण मोकळी व्हायला वेळ लागतो. तो लागू द्या. त्याच बैठकीत कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर फाइली दिसतात पण त्यात काही सेव्ह होत नाही.

डिस्क दिसत नाही म्हणून डिस्क गेली समजणं

इन्स्टॉलर उघडला, आणि यादीत पेनड्राइव्हशिवाय काहीच नाही. बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या खास मोडवर असतं, त्यामुळे इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही. उपाय म्हणजे एएचसीआय हा साधा मोड. पण तो थेट बदलला की विंडोज उठत नाही. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग टिक काढा. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, म्हणून अकाउंटचा पूर्ण पासवर्ड आठवतोय ना, हे आधीच बघा.

नाव न वाचता डिस्क निवडणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे. २०१९ च्या महापुरात मावशीच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं. भिजलेले अल्बम आम्ही गच्चीवर वाळवले, एकेक फोटो स्कॅन केला आणि सगळे तिच्या लॅपटॉपच्या मोठ्या डिस्कवर ठेवले. त्या लॅपटॉपमध्ये दोन डिस्क होत्या: २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. लिनक्स टाकताना ‘इरेज डिस्क’ निवडलं, खालच्या छोट्या पट्टीत हार्ड डिस्कचं नाव होतं, ते मी वाचलंच नाही. पुसलेल्या फाइली शोधणारा फोटोरेक हा प्रोग्राम वापरून बरेच फोटो परत मिळाले, पण फाइलींची नावं गेली. कुणाचं लग्न, कोणतं साल, हे मावशीनं नावात लिहून ठेवलं होतं. ते आता तिला एकेक फोटो बघून आठवावं लागतं.

तेव्हापासून मी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावत नाही आणि डिस्कचा आकार मोठ्यानं वाचतो. इन्स्टॉलरमध्ये साटा जोडणीच्या डिस्कचं नाव एसडीए (sda) असं असतं, एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीचं nvme0n1 असं. पेनड्राइव्हही एसडीनेच सुरू होतो, म्हणून नावापेक्षा आकारावर भरवसा ठेवा. विंडोज ठेवायचं असेल तर जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. बहुधा १०० एमबीचं जे छोटं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) दिसतं, ते वापरा पण फॉरमॅट करू नका; विंडोजचं बूट तिथंच असतं.

आणि वळवाचे ढग आले असतील तर त्या दिवशी हे काम काढू नका. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, आणि पार्टिशन लहान होत असताना वीज गेली तर सगळाच डेटा धोक्यात येतो.

बाकीच्या लहान गोष्टी

लिनक्सची उतरवलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून बूट होत नाही. रुफससारख्या प्रोग्रामनं लिहावी लागते. त्याआधी चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा, साइटवर दिलेला कोड) जुळवा, अर्धवट उतरलेली फाइल मध्येच दगा देते. मशीन सुरू व्हायच्या दोन पद्धती असतात, नवी यूईएफआय आणि जुनी लिगसी. विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच बूट करा, लिगसीत नको. बूट मेन्यूसाठी डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९.

एनव्हिडिया कार्ड असलेल्या लॅपटॉपवर लोगो येऊन स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होताना येणाऱ्या, मेन्यूवर ई दाबा, linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट (nomodeset) हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, एकसलग लिहा आणि एफ १० दाबा. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथं एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. लोक ती बिटलॉकरचीच समजून घाईनं पुढे जातात. तिथं ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती संधी हुकली की ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

वायफाय दिसत नसेल, ब्रॉडकॉमच्या चिपवर हे नेहमीचं आहे, तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्याच नेटवरून ड्रायव्हर उतरवा.

लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर मदरबोर्डचा सेल बदलायला धावू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं, आणि आपल्या वेळेत नेमका ५ तास ३० मिनिटांचाच फरक आहे. लिनक्सला टाइमडेटसीटीएल (timedatectl) ही कमांड वापरून स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की दोन्हीकडचं घड्याळ जुळतं.