या चुका टाळा: व्हिडिओ कोल्हापूरचा, जमीन निपाणीची

कर्नाटकातल्या निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागात जमिनीचं काम निघालं की माणूस मोबाईलवर मराठीत शोधतो आणि समोर महाराष्ट्राचा व्हिडिओ येतो. सांगणारा छान समजावून सांगतो, भाषा आपलीच, त्यामुळे पहिल्या मिनिटाला तपासायची गोष्ट राहून जाते: ही पद्धत कुठल्या राज्याची? सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे महाभूलेख, ई-हक्क, ई-पीक पाहणी या महाराष्ट्राच्या ऑनलाइन सोयींतलं काहीच चालत नाही. इथे उतारा ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या संगणक प्रणालीवर निघतो, पिकाची नोंद ‘बेळे समीक्षे’त, म्हणजे कर्नाटकच्या पीक पाहणीत होते.

सर्वांत जास्त गफलत क्षेत्र वाचताना होते. उताऱ्यावर २.२० दिसतं. सातबाऱ्याच्या सवयीने वाचणारा म्हणतो, दोन हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर. कर्नाटकच्या उताऱ्यावर, म्हणजे ‘पहाणी’त, मात्र तो आकडा एकर आणि गुंठ्यांचा, पुढे आणे (गुंठ्याचे सोळावे भाग). ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे जमीन अडीच एकर. काही जण त्याला सव्वादोनच्या आतबाहेर समजतात, तेही चूक. मधला ठिपका दशांशाचा नाहीच. व्यवहाराची बोलणी करताना ही चूक किती महागात पडेल, हिशेब ज्याचा त्याने करावा. त्याच कागदावर रकाना ९ मालकाचा आणि ११ कर्जबोजा, इतर हक्कांचा. लोक ९ मध्ये नाव बघतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. विकत घेणाऱ्याने तरी ११ आधी वाचावा.

सर्व्हे नंबरातला तुकडाच विकायचा असेल तर खरेदीपत्राआधी ‘अकरा ई’ (11E) नकाशा, म्हणजे त्या तुकड्याची मोजणी करून काढलेला सरकारी नकाशा लागतो. तारीख ठरवून, पाहुणे बोलावून मग मोजणीचा अर्ज करणं म्हणजे उलटा कारभार.

वारसा नोंदीतही क्रम चुकतो. आपल्याकडे तिला ‘पौती’ म्हणतात. मृत्यू दाखला असतो, पण नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून) वंशवृक्षाचा दाखला काढलेलाच नसतो. आणि काढताना लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळायची ही जुनी खोड! ‘त्या कुठं हिस्सा मागणार?’ असं म्हणून भागत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, पण वंशवृक्षात तिचं नाव हवंच.

कर्नाटकचाच व्हिडिओ मिळाला तरी त्याची तारीख बघा. नोंदणी खात्याची ‘कावेरी’ प्रणाली २०२३ मध्ये बदलली. त्याआधीच्या व्हिडिओतली बटणं आता शोधून सापडायची नाहीत. कन्नड सूचना कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायला हरकत नाही, मजकुराचा अंदाज येतो. नावं, सर्व्हे नंबर, हिस्सा क्रमांक मात्र त्यावर सोडू नका. कन्नड वाचणाऱ्या शाळकरी पोराला शेजारी बसवून नाव अक्षर-अक्षर आधारशी पडताळून घ्या.

अर्ज दिल्यावर ‘सकाल’ची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी काम करून देण्याच्या कर्नाटकच्या योजनेची, पोचपावती मागा. तिच्यावरचा १५ अंकी क्रमांक हाच पुढचा आधार: काम कुठे अडलंय ते त्यावरून कळतं, आणि मुदत टळली तर अपिलालाही तोच लागतो. ‘या पुढच्या आठवड्यात’ एवढं तोंडी ऐकून पावतीशिवाय घरी परतू नका.