हिराबोळाचं तेल वापरताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका ओळखीच्या घरी बाळंतीण आली. आजींनी हिराबोळ आणायला सांगितला आणि घरच्यांनी ऑनलाइन मागवली मिर्र तेलाची, म्हणजे हिराबोळाच्याच तेलाची, दहा मिलीची बाटली. "कोमट दुधात दोन थेंब घालू ना?" असं विचारायला मला फोन आला. मी घाईघाईनं नको म्हटलं. हे तेल पोटात घेणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

हिराबोळ, म्हणजे आपल्याकडे बाळंतबोळ म्हणून जो ओळखला जातो, तो झाडाचा वाळलेला चीक. त्यात डिंक असतो, राळ असते आणि उडून जाणारं सुगंधी तेल असतं, तेही बहुधा दहा टक्क्यांच्या आतच. वाफेवर ऊर्ध्वपातन करताना डिंक आणि राळ भांड्यातच राहतात, बाटलीत उतरतं ते फक्त तेल. त्यामुळे आजींना खड्याचं जे प्रमाण ठाऊक आहे, ते बाटलीला लागूच पडत नाही. तेल पोटात घ्यायचं नाही. खडासुद्धा वैद्यांना विचारूनच द्यावा. आणि गरोदरपणात दोन्हींपासून दूर राहा, कारण बोळ पूर्वापार पाळी आणण्यासाठी दिला जात आला आहे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तरी आधी डॉक्टरांशी बोला.

आता नावांचा घोळ. काष्ठौषधींच्या दुकानात नुसतं "बोळ द्या" म्हणू नका. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, आणि तो जबर रेचक असतो. हिराबोळ तांबूस तपकिरी असतो, वरून धुळकट दिसतो. फोडला की वास येतो आणि पाण्यात उगाळला की दुधट पिवळसर होतो. काळाबोळ नावाप्रमाणे काळपट असतो. मराठी बायबलमध्ये बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याचं वाचतो, तो गंधरस म्हणजे हाच. मुंबईशी याचं नातं जुनं आहे. झाड सोमालिया, इथिओपिया, येमेनकडचं आणि येमेनमधलं एडन बंदर 1839 पासून 1932 पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होतं. एकोणिसाव्या शतकात तिकडचा बोळ मुंबईला उतरायचा, इथे निवडला जायचा आणि मग युरोपला जायचा.

बाटली घेताना लेबलवर कॉमिफोरा मिऱ्हा हे वनस्पतीचं नाव आहे का ते बघा. नुसतं "मिर्र फ्रॅग्रन्स" लिहिलेलं असेल तर तो बनवलेला सुवास असू शकतो. वास गोड नाही म्हणून बाटली परत करणारेही भेटतात. अरबीत मुर्र म्हणजे कडू. खरं तेल कडवट, मातकट आणि थोडं औषधी वासाचंच असतं. ते एकटं आवडत नसेल तर संत्र्याच्या किंवा लोबानाच्या तेलाबरोबर एक थेंब घालून बघा, फार सुंदर खुलतं.

झाकण चिकटलं, तेल ओघळत नाही, ही तक्रार मला वारंवार ऐकू येते. तेल बिघडलंय असं लगेच समजू नका. हे तेल मुळातच दाट असतं आणि हवा लागली की राळेसारखं घट्ट होत जातं. बाटली कोमट पाण्याच्या वाटीत पाच-दहा मिनिटं उभी ठेवा. वापरल्यावर तोंड पुसून झाकण लगेच लावा. खिडकीत ठेवू नका. पाण्यावर चालणाऱ्या डिफ्यूझरमध्ये (खोलीत सुवास पसरवणाऱ्या यंत्रात) एकदोन थेंबच पुरेत. जास्त घातलं की तळाच्या चकतीवर चिकट थर बसतो आणि वाफ येणं थांबतं. मग यंत्र बंद करून पाणी ओता आणि स्पिरिट लावलेल्या कापसाच्या बोळ्यानं चकती हलकेच पुसा. वन रूम किचनमध्ये खिडकी लावून तासभर डिफ्यूझर चालवणं माणसांनाही जड जातं, मांजरांना तर त्याहून.

त्वचेवर थेट लावू नका. दहा मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खडा तेलात टाकून घरी तेल "काढू" म्हणाल तर डिंक विरघळणारच नाही, खाली चिखल बसेल. हिरड्यांसाठी पूर्वी वापरत ते तेल नव्हे. तो मद्यार्कात काढलेला बोळाचा अर्क असे. पाण्यात तेलाचे थेंब टाकून चूळ भरली तर तेल वर तरंगतं आणि तोंड पोळतं.

धुपासाठी मात्र तेल नको, खडाच हवा. निखाऱ्यावर तेल टाकलं तर ते भपकन जळतं आणि सुवासाआधी धूर होतो. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, सोबत थोडा गुग्गुळ (तोही याच कुळातला) आणि खिडकी उघडी. दम्याचा माणूस घरात असेल तर तेही नको. त्या दादरच्या घरी बाळाच्या खोलीत धूर करायचा नाही, एवढं आजींनी लगेच मान्य केलं. बाटली अजून त्यांच्या कपाटात आहे, वरच्या खणात, मुलांचा हात पोचणार नाही अशी.